तणसाची राखण

१५ डिसेंबर २०२४
ता. चामोर्शी

आदरणीय बाई,

नूतनचा सविनय जयभीम. भाऊजींनाही सांगा. इकडे आम्ही बरे आहोत, तुम्हीही बऱ्या असाल. धान घरात आलं. यंदा कापून रचलेल्या पुंजण्यांवर पाऊस पडला नाही, त्यामुळे दाणा चांगला आहे. कुलदीप नागपूरला ठीक आहे. अधूनमधून फोन करतो आणि त्यातही आईपेक्षा कुत्र्याची चौकशी जास्त करतो.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही, त्याचा राग धरू नका. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. तुम्ही विचारलंत, "माझा भाऊ वावरात काऊन झोपते?" आणि तुमच्या मागे भाऊजींचा खोकला, सुनेच्या कुकरची शिट्टी आणि कुणाचं तरी दाबलेलं हसू, हे सगळं मला इकडे ऐकू आलं. अशा भर सभेत मी काय सांगणार होते. म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी त्या फोटोंचं सांगते, कारण ते तुमच्यापर्यंत पोचलेच आहेत. आपल्या वावराजवळच्या नाल्यावर वनखात्याने वाघासाठी कॅमेरा बांधला होता. समोरून काहीही गेलं की तो आपोआप फोटो काढतो. मागच्या आठवड्यात वनरक्षक धनराज घरी आला, चहा प्याला आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "काकू, वाघाचा एक फोटो नाई आला. सारे काकांचेच हायेत."

पाहते तर तुमचे भाऊ. जाताना तुमचे भाऊ, येताना तुमचे भाऊ, लुंगी सावरताना, थर्मास बगलेत धरून, आणि एका फोटोत तर कॅमेऱ्याला डोळा लावून आत काय आहे ते बघताना. धनराज म्हणाला, "धान तं घरात आलं ना काकू, मंग काका तिथी राखण कायची करते?" मी म्हटलं, मळणीनंतर उरलेल्या तणसाची. तो म्हणाला, डुक्कर तणस खात नाई. मी म्हटलं, आमच्याकडचे खातेत. त्याने चहाचा कप ठेवला आणि निघाला. पण फोटो त्याच्या मोबाइलवरून गावात गेले आणि गावातून मुलचेऱ्याला तुमच्याकडे. आता इकडे दुकानात गेलं तरी लोक विचारतात, तणस काय म्हणते.

तर खरं कारण असं आहे की मला गरम होतं. पाळी बंद झाल्यापासून अंगातून एकदम वाफा निघतात, मान भिजते, आणि डिसेंबरात मला पंखा पाचवर लागतो. तुमचे भाऊ शेजारी दोन ब्लँकेटं, कानटोपी आणि मोजे घालून झोपत. त्यांना सर्दी झाली. मग ते म्हणाले, यापेक्षा मचाणावर थंडी कमी आहे. एवढीच गोष्ट आहे. भांडण नाही, तंटा नाही. तुम्ही इतक्या लांबून येण्यासारखं तर मुळीच काही नाही.

तांदूळ नवा आहे, जुना झाला की पाठवते.

तुमची भावजय,
नूतन

---

२४ डिसेंबर २०२४

आदरणीय बाई, जयभीम.

हे पत्र रंजीताच्या हाती देते आहे. ती माझ्या अंगणवाडीत मदतनीस आहे आणि तिचं माहेर तुमच्याच गावचं. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं आहे, उघडलेलं दिसलं तर तिला विचारा. आणि कृपा करून एकट्याच वाचा. भाऊजींना चष्म्याशिवाय दिसत नाही हे खरं, पण त्यांना चष्मा सापडतो.

तुमचा निरोप मिळाला. घराला तीन खोल्या आहेत, एकीत पंखा सुरू असला तर माणूस दुसरीत झोपते, वावर काऊन, असं तुम्ही विचारलंत. मी यावर बराच विचार केला. दुसरी खोली मोकळीच आहे. तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, कोणत्या पोराने गृहपाठ का केला नाही हे तुम्हाला त्याच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. मी पंख्याचं सांगून तुम्हाला फसवायला निघाले, हेच चुकलं.

पण येत्या रविवारी तुम्ही भाऊजींना आणि मोठ्या मामांना घेऊन येणार, आम्हा दोघांना समोर बसवणार आणि विचारणार, हे वाचून मी लगेच लिहायला बसले. बाई, मोठे मामा माणूस चांगले आहेत. पण त्यांच्यासमोर हे सांगण्यापेक्षा मी स्वतःच मचाणावर जाऊन बसेन.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? आपल्याकडे लसूण चांगला आला आहे. रंजीताजवळ थोडा दिला आहे.

बरं. लिहिते.

आमच्या अंगणवाडीत किशोरवयीन मुलींसाठी रंगीत तक्ता आहे. पाळी का येते, कशी येते, काय काळजी घ्यायची, सगळं चित्रासकट. मी तो दरवर्षी न लाजता शिकवते. पण पाळी जाते तेव्हा काय होतं, याचा तक्ता मला कोणी दिला नाही. मी समजत होते, गेली म्हणजे सुटलो. कपडे नाहीत, कंबरदुखी नाही, आता आरामच.

मग यांनी जवळ घेतलं की दुखायला लागलं. आधी थोडं, मग असं की दात आवळून धरावे लागत. नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत आग व्हायची. एकदा रक्तही दिसलं. मी यांना काही सांगितलं नाही. काय सांगू? इतक्या वर्षांत आम्ही या गोष्टीवर एक वाक्य बोललेलो नाही. दिवा मालवायचा एवढंच बोलणं. मला वाटलं माझंच काहीतरी संपलं आहे, आणि ते यांना कळलं तर यांच्या नजरेत मी म्हातारी होईन. म्हणून कधी डोकं दुखतं म्हटलं, कधी रजिस्टर भरायचं आहे म्हटलं. अंगणवाडीच्या एवढ्या रजिस्टरांचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

यंदा धान भरात असताना डुकरं खरंच आली आणि हे रात्रीच्या जागलीला मचाणावर जाऊ लागले. आणि बाई, मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना वाईट वाटतं, पण खरं आहे. मग धान कापलं, पुंजणी झाली, मळणी झाली. ज्या संध्याकाळी हे ब्लँकेट घेऊन कायमचे घरी आले, त्या संध्याकाळी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आज जात नाई का? डुकरं फिरून राह्यले म्हणतेत."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहिलं. वावरात धसकटांशिवाय काही नव्हतं, हे यांना माहीत होतं. यांना माहीत आहे, हे मला माहीत होतं. भात संपवला, ब्लँकेट उचललं आणि गेले. तेव्हापासून रोज जातात. मी रोज थर्मास भरून देते. आम्ही दोघं एकमेकांशी इतकं गोड बोलतो की कुत्रं पण संशयाने बघतं.

पुढचं ऐका. दुपारी गोधडी उन्हात टाकायला म्हणून मी मचाणावर गेले, तर उशाशी एक पुडी. मुसळीची, बाजारात जडीबुटी विकायला बसतात त्यांच्याकडची. पुडीवर पैलवानाचं चित्र. मी पुडी उलटसुलट करून पाहिली. मुसळी माणूस कशासाठी खातो हे गावात शेळीलाही माहीत आहे. आता रोज रानात एकटा झोपणारा नवरा ताकदीचं औषध खातो, तर ते कुणासाठी, डुकरांसाठी? मी सगळं मचाण उलटंपालटं केलं. बाईमाणसाची एखादी टिकली, काटा, काहीतरी सापडेल म्हणून.

सापडली ती साडी. उशाखाली घडी घालून ठेवलेली. पांढरी, निळ्या काठाची. म्हटलं, आता पकडले. आणि मग ओळखली. माझीच होती, कुलदीपच्या वेळी बाळंतपणात नेसायची ती. मी दोन वर्षांपूर्वी पोतेऱ्यासाठी फाडायला काढली होती आणि ती हरवली म्हणून घरभर ओरडले होते.

बाई, मी तिथे बसून खूप रडले. या माणसाला वाटतं दोष त्याचा आहे, तो कमी पडतो, म्हणून मी त्याला दूर करते. आणि हा माणूस न भांडता माझी जुनी साडी डोक्याखाली घेऊन तणसाची राखण करतो.

एवढ्यावरही मी गप्पच राहिले असते, मी अशीच आहे. पण आज सकाळी हे घरी आले आणि पायरीवर बसून राहिले. चहा हातात, पण पितच नव्हते. मग म्हणाले, "मचाणाखाली पंजे हायेत. ताजे." कॅमेऱ्याने इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो येऊन गेला होता. मी म्हटलं, आजपासून जायचं नाही. हे म्हणाले, "मंग कुठी जाऊ?" टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होते.

मला भीती वाटते. वाघाची वाटते, आणि मी यांना घरात घेतलं तर पुढे काय, याचीही वाटते. आई नाही, सासूबाई नाहीत. तुमच्याशिवाय विचारावं असं मोठं माणूस मला उरलं नाही. तुमचंही असं झालं होतं का? की मीच अशी आहे? तुम्ही यांच्या बहीण, तुम्हाला हे विचारताना लाजेने कान तापले आहेत, किंवा ती वाफ असेल, आता मला फरक कळत नाही.

रविवारी बैठक घेऊ नका, एवढी विनंती आहे.

नूतन

---

२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई, जयभीम.

त्या रविवारी तुम्ही आला नाहीत. "भाऊजीचं पोट दुखून राह्यलं," एवढं बोलून फोन ठेवलात, आणि मागून भाऊजी "कोणाचं पोट?" असं विचारताना स्पष्ट ऐकू आले. मी समजले. तुमचे उपकार कसे फेडू. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही दिलं नाहीत, तेही मी समजून घेतलं. तुम्हाला आवडलं नसेल.

पण झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

पंजे दिसले त्या रात्री यांना दुसऱ्या खोलीत अंथरूण घालून दिलं. सकाळी म्हटलं, "मले गडचिरोलीले लेडी डॉक्टरकडे न्या." यांनी काय झालं ते विचारलं नाही, गाडी काढली. अख्ख्या रस्त्यात मागून मला यांचे खांदे दिसत होते, इतके ताठ की पोत्यालाही वाकत नसतील. यांना वाटत होतं मला काहीतरी मोठा आजार झाला आहे.

डॉक्टरीणबाई आपल्या कुलदीपपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी तपासलं, विचारलं, आणि सगळे शब्द जसेच्या तसे उच्चारले. मी पंख्याकडे बघत उत्तरं दिली. रक्ताचं सांगितल्यावर त्यांनी सोनोग्राफी करायला लावली, ती चांगली निघाली. म्हणाल्या, पाळी गेल्यावर थोडंसं जरी रक्त दिसलं तरी घरी बसायचं नाही, दाखवायचं. मग म्हणाल्या, मिस्टरांना बोलवा.

हे आत आले ते हेल्मेट घालूनच. खुर्चीवर बसायच्या आधीच हात जोडले. "मॅडम, गलती माझी हाय. मी मुसळी घेऊन राह्यलो, पण काही फरक नाई."

बाई, मी जमिनीत गेले नाही एवढंच. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिल्या. मग त्यांनी यांना हेल्मेट काढायला सांगितलं आणि आम्हा दोघांना शेजारी बसवून समजावलं. पाळी गेली की अंगातलं एक संप्रेरक कमी होतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, म्हणून दुखतं. ही कुणाची चूक नाही, बायकोचं मन उडालं असाही याचा अर्थ नाही. पुष्कळ बायांना होतं, सांगत कोणी नाही. आतून लावायचं मलम लिहून दिलं, वेळेवर वापरायची वेगळी जेल लिहून दिली. घाई करायची नाही, दुखलं तर थांबायचं आणि दुखतं असं तोंडाने सांगायचं, म्हणाल्या. आणि मुसळी बंद.

यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फरक पडाले किती दिवस लागते?" त्या म्हणाल्या, काही आठवडे धीर धरावा लागेल.

"धानाले तं चार महिने लागते मॅडम," हे म्हणाले. "आमी थांबू."

मेडिकलवर चिठ्ठी यांनीच दिली. मी लांब उभी राहून कॅलेंडर वाचत होते. परत येताना चामोर्शीच्या अलीकडे टपरीवर गाडी थांबवली. चहा आला. बशीत ओतला, फुंकला, आणि मग माझ्याकडे न बघता बोलले.

"म्हणजे तू मले हाकलत नव्हती?"

"नाई."

"तुले दुखत होतं."

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी मुसळीचं सांगतलं का मले?"

यावर त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "मले वाटलं तुले कंटाळा आला माझा. आता या वयात बाईचं मन नसन तं माणसाने जबरदस्ती करू नये, म्हून गेलो ना मी." आणि थोड्या वेळाने, "इतकी थंडी असते तिथी नूतन, तुले काय सांगू." टपरीवाल्याने ऐकलं असेल तर ऐकू दे. मी तिथेच, भर रस्त्यावर, यांच्या बाहीला तोंड पुसलं.

आता हे घरात झोपतात, एकाच खोलीत. पंखा पाचवरून तीनवर आला आहे आणि यांनी कानटोपी स्वतःहून चालू ठेवली आहे. सुरुवातीचे आठवडे आम्ही नुसते बोलायचो. इतकं बोलणं आमचं लग्नातही झालं नव्हतं. यांना मक्याच्या भाकरीचा पहिल्यापासून कंटाळा आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मुसळीची उरलेली पुडी शेळीने खाल्ली. शेळी मजेत आहे.

पुढचं लिहीत नाही, तुम्ही त्यांच्या बहीण आहात. एवढंच सांगते की मलम कामाचं आहे, डॉक्टरीणबाई खोटं बोलत नाहीत, आणि मी म्हातारी झालेले नाही. यांनी परवा स्वतःच्या हाताने मचाण मोडलं. धनराजने विचारलं, काका, राखण सोडली? तर म्हणाले, "तणस आता मोठं झालं, आपलं आपण पाहते."

तुम्हाला माझं वागणं पटलं नसेल तर रागवा, पण बोला. तुमच्या गप्प बसण्याची सवय नाही मला.

तुमची,
नूतन

---

८ फेब्रुवारी २०२५
मुलचेरा

प्रिय नूतन,

जयभीम. तुझं पत्र मिळालं. रंजीताने आणलेलं आणि हे, दोन्ही पत्रं मी न्हाणीघरात वाचली. बाहेर भाऊजी विचारत होते, इतका वेळ काय करून राह्यली. मी सांगितलं, पाणी तापलं नाही.

मला राग आलेला नाही. देवाजी लहानपणापासून असाच आहे. आईने मारलं की गोठ्यात जाऊन झोपायचा आणि कोणी बोलवायला येते का ते बघायचा. तू बोलवायला गेलीस, बरं केलंस. मोठ्या मामांना मी सांगितलं की तणसाचा प्रश्न मिटला. ते म्हणाले, चांगला भाव आला असेल.

तू डिसेंबरात मला एक विचारलं होतंस. त्याचं उत्तर द्यायला मला एवढे दिवस लागले.

मी पन्नाशी ओलांडली त्या वर्षी वर्षावासात अष्टशील घेतलं. तीन महिने नेमाने आठही शीलं पाळली, ब्रह्मचर्यासकट. श्रद्धेनेच घेतलं, ते खोटं नाही. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. सगळ्यांचा संपला, माझा नाही. आधी मी पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टम्या धरल्या. मग त्यांच्या आदला दिवस धरला. मग नंतरचा. मग दिवस मोजायचंच सोडलं. भाऊजी पहिल्या वर्षी विचारायचे, आज कोणती तिथी आहे. आता विचारत नाहीत. हॉलमध्ये खाट टाकून हात जोडून झोपतात. विहारात माझा शाल देऊन सत्कार झाला, एवढं शील पाळणारी दुसरी उपासिका तालुक्यात नाही म्हणून. भाऊजींनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मी शाल पांघरून घरी आले आणि ती आजवर घडी उघडून पाहिली नाही.

मलाही दुखत होतं, नूतन. तुझ्यासारखंच. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि माझ्या घरातल्या माणसाला मी एक सरळ वाक्य बोलू शकले नाही. तुला वाटलं, तूच अशी आहेस. मलाही तेच वाटत होतं, फक्त माझं वाटणं जास्त वर्षं चाललं. तू माझ्याहून लहान आणि तू आधी बोललीस.

तू त्या डॉक्टरीणबाईंकडे परत केव्हा जाणार ते कळव. मी सकाळच्या गाडीने येईन. घरी डोळे तपासायला जाते म्हणून सांगणार होते. काल जेवताना तेच सांगितलं, तर भाऊजी ताट बाजूला सारून म्हणाले, "डोळ्याचं मी पण दाखवतो मंग, दोघंही जाऊ." त्यांना कमी दिसतं, ते खरंच आहे. मी मग उठून हॉलचं दार लावून घेतलं, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि म्हणाले, "डोळ्याचं नाई. ऐका."

त्यांनी ऐकलं. सारलेलं ताट परत जवळ ओढलं. मग विचारलं, "म्हणजे तुले राग नव्हता?"

दोघांची सोय कर. भाऊजींना तिखट कमी लागतं. आणि ज्या दिवशी आपण जाऊ, त्या दिवशी मला चारचौघांत बाई म्हण, पण दवाखान्याच्या दारातून आत गेल्यावर म्हणू नकोस.

तुझी,
केसर